मुलांच्या औषधांची नोंद व जपणूक

(वेळणेश्वर, तालुका गुहागर येथे प्राथमिक शिक्षक व अंगणवाडी सेविका यांच्या संयुक्त सभेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर वाचनाच्या चाचण्या आहेत, पटनोंदणी आहे, पोषण आहाराचे हिशेब आहेत, आणि अगदी शेवटच्या ओळीत माझा विषय आहे. शेवटच्या ओळीतील विषयाचे काय होते, हे आपणां सर्वांस अनुभवाने ठाऊक आहे. जेवणाची वेळ होत आलेली असते, श्रोत्यांचे लक्ष एस.टी.च्या वेळेकडे लागलेले असते, आणि वक्त्याने चार शब्द बोलून बसावे अशी सर्वांचीच इच्छा असते. तथापि आज मी थोडा अधिक वेळ मागून घेणार आहे. कारण ह्या विषयात माझ्या हातून एक चूक घडलेली आहे, आणि ती सांगितल्यावाचून पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही.

नोकरीच्या प्रारंभीच्या वर्षांत मी ह्याच जिल्ह्यातील एका दोन शिक्षकी शाळेवर होतो. पहिलीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याला फेफरे येत असे. डॉक्टरांनी फेनोबार्बिटोनच्या गोळ्या सांगितल्या होत्या. आईबाप पहाटेच कामावर जात. घरी आजी, तिला कमी दिसे. म्हणून एके दिवशी बाप शाळेत आला आणि कागदाची पुडी माझ्या हाती देऊन म्हणाला, "गुरुजी, शाला उघडली की एक गोली ह्याला द्या. तुमच्या हातनं चुकायची नाय." मी पुडी मेजाच्या खणात ठेवली. दोन महिने गोळी नियमाने दिली. एकदाही कोठे लिहिले नाही. लिहावयाचे काय, मीच देणारा आणि मीच लक्षात ठेवणारा! पुढे मला सहा दिवसांच्या प्रशिक्षणासाठी अकस्मात जावे लागले. सहकाऱ्यांना वर्गाचे टाचण दिले, हजेरीपट दिला, किल्ल्या दिल्या. गोळ्यांविषयी सांगावयाचे राहून गेले. त्यांना खणात पुडी दिसली; तीवर नाव नव्हते, म्हणून त्यांनी ती तशीच राहू दिली. त्यांचा ह्यात काडीमात्र दोष नव्हता.

ही औषधे एकाएकी बंद केली तर झटके अधिक जोराने येऊ शकतात. पाचव्या दिवशी शाळेच्या पडवीत मुलगा कोसळला. झटका थांबेना. कोणी चप्पल हुंगवली, कोणी कांदा फोडून नाकाशी धरला. तोवर वेळ गेला. (जाता जाता सांगतो: अशा वेळी मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, घड्याळ पाहावे, आणि पाच मिनिटांत झटका न थांबल्यास गाडी पाहावी. चपलेचा काही उपयोग नाही.) दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणती गोळी चालू होती? शेवटची केव्हा दिली?" ह्या प्रश्नाचे उत्तर त्या खोलीतील एकाही माणसापाशी नव्हते. ते माझ्यापाशी होते, आणि मी प्रशिक्षण वर्गात पाठ टाचणाच्या पायऱ्या उतरवून घेत होतो.

मुलगा वाचला. मी परतल्यावर बाप शाळेत आला. तो रागावला नाही. त्याने एवढेच विचारले, "गुरुजी, गोल्या कुठं हायत?" मी खण उघडून पुडी त्याच्या हातात ठेवली. आजही ते स्मरण झाले म्हणजे मला मान वर करवत नाही.

तेव्हापासून मी हा विषय धरून बसलो आहे. मुलाचे औषध एका हातातून दुसऱ्या हातात जाते: आईच्या हातून सेविकेच्या, सेविकेच्या हातून मदतनिसाच्या, एका गुरुजींच्या हातून बदली गुरुजींच्या. पहिल्या हाताने काय केले हे दुसऱ्या हातास कळण्याचा मार्ग लिहून ठेवण्याखेरीज दुसरा नाही. स्मरणशक्ती कितीही चांगली असली तरी ती रजेवर जाताना आपल्याबरोबर जाते.

कोणी म्हणेल, हे आरोग्य खात्याचे काम. शिक्षकाचा ह्यात संबंध काय? संबंध जुना आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, पुढे १९५७ पासून कोसबाडला ताराबाई व अनुताई वाघ यांनी ते काम चालविले. तेथील अंगणवाडीत मुलांच्या स्वच्छतेचे व आरोग्याचे काम शिक्षणापासून वेगळे मानलेच जात नव्हते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात सुरू झाली, तीतही पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी व शाळापूर्व शिक्षण ही एकाच छपराखाली आली. आज आपल्या कित्येक अंगणवाड्या शाळेच्याच आवारात भरतात. तीन वर्षांचे मूल आणि दहा वर्षांचे मूल एकाच नळावर हात धुते, आणि एकीकडची गोळी दुसरीकडे जावयास एक उंबरठाच ओलांडावा लागतो.

आता औषधे आपल्याकडे येतात कोठून, ते पाहू. काही सरकारातून येतात: जंताची गोळी, लोहाचे पातळ औषध व गोळ्या, जीवनसत्त्व अ, क्षारसंजीवनीची पाकिटे. त्यांच्याबरोबर सूचना येतात, प्रशिक्षण होते, तक्ते येतात. माझी खरी काळजी आहे ती घरून येणाऱ्या औषधांची. त्यांच्याबरोबर सूचना येत नाही. येते ती फक्त आई, तीही घाईत.

आपल्या गावांत घरची औषधे कोठून येतात, हे मी तुम्हांस सांगावयास नको. गणपतीत चाकरमानी मुंबईहून येतात. त्यांच्या पिशवीत त्यांच्या मुलांची अर्धी राहिलेली बाटली असते. जाताना ती ते भावजयीला देऊन जातात: "ताप आला तर घाल, आमच्या पोराला लागू पडली." श्रावणात एक पोर तापलेले असते, भाद्रपदात दुसरे. बाटली सापडते, तिचे खोके सापडत नाही, टोपणाचे माप हरवलेले असते. आणि आई लावणीला किंवा बेणणीला जाताना ती बाटली सेविकेच्या हाती देऊन म्हणते, "बाई, दुपारी एक चमचा घाला."

ह्या एका वाक्यात किती धोके आहेत ते पाहा. तापाचे औषध म्हणून आपण ओळखतो ते पॅरासिटामॉल बाजारात निरनिराळ्या तीव्रतेचे मिळते. एका बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध असते, दुसरीत तेवढ्याच मापात २५० मिलिग्रॅम. दोन्हींचा रंग व वास सारखाच असू शकतो. १२ किलो वजनाच्या मुलाला डॉक्टर एका वेळेस सुमारे १८० मिलिग्रॅमपर्यंत सांगतात. म्हणजे पहिल्या बाटलीतील ७ मिलिलिटर. तेच ७ मिलिलिटर दुसऱ्या बाटलीतून घातले तर ३५० मिलिग्रॅम होतात, जवळजवळ दुप्पट. त्यात 'एक चमचा' म्हणजे कोणता चमचा? घरातील दोन चमचे एका मापाचे नसतात. आणि त्याहून मोठा प्रश्न असा की, सकाळी निघताना आईने एक मात्रा दिली होती की नाही? ह्या औषधाच्या दोन मात्रांत चार ते सहा तासांचे अंतर हवे, आणि चोवीस तासांत चारांहून अधिक मात्रा नकोत. एकदा अधिक गेले तर कदाचित काही होणार नाही. परंतु ताप तीन दिवस राहिला, घरी आई देते, शाळेत बाई देतात, रात्री आजी देते आणि कोणीच कोणास विचारीत नाही, तर औषधाचा भार यकृतावर पडतो.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की, घरून आलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून आणि मूळ लेबलावाचून घेऊच नये. पुडीतले, दुसऱ्या बाटलीत ओतलेले, मुंबईहून आलेले उरलेसुरले, काहीही असो, नम्रपणे परत करावे. आईला वाईट वाटेल. तिला बसवून सांगावे की, "ताई, ह्याच्यावर नाव असते तर मी घातले असते." आपण डॉक्टर नाही. डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा सांगितल्या वेळी मुलाच्या पोटात पोचविणे एवढेच आपले काम, आणि तेवढे काम पुष्कळ आहे.

दुसरी विनंती वहीची. शंभर पानी साधी वही पुरे. छापील नमुन्याची वाट पाहू नका. तारीख, मुलाचे नाव, लेबलावरचे औषधाचे नाव व त्याची तीव्रता, मात्रा मिलिलिटरमध्ये, दिल्याची वेळ आणि देणाऱ्याची सही, एवढे आडवे रकाने आखावेत. सकाळी औषध घेतानाच आईला विचारावे, "घरी शेवटचे केव्हा घातलेस?" आणि ती वेळ तिच्यासमोर लिहावी. तिला सही येत असेल तर सही, नसेल तर अंगठा. हा अंगठा पुराव्यासाठी आहे असे कृपा करून समजू नका. अंगठा देताना आई क्षणभर थांबते, आणि त्या क्षणात तिला कित्येकदा आठवते, "नाय नाय बाई, सकाळी सासूनं घातलंय." हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेले आहे.

वेळ लिहिताना 'दुपारी' असे लिहू नये. '१२-४०' असे लिहावे. आणि औषध मुलाच्या पोटात गेल्यावर लिहावे, आधी नव्हे. आधी लिहून ठेवले, मग मूल रडले, औषध थुंकले, तेवढ्यात कोणी बोलावले, अशा वेळी वही खोटे बोलू लागते. थुंकले तर 'थुंकले' असे लिहावे आणि दुसरी मात्रा आपल्या मनाने देऊ नये. औषध दिले नाही तर तेही लिहावे. रिकामी ओळ पाहून दुसऱ्यास वाटते की द्यावयाचे राहिले, आणि तो देतो.

सरकारी मोहिमेत ही नोंद किती सोपी केलेली आहे, ते राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या वेळी आपण पाहतोच. २०१५ पासून हा दिन पाळला जातो. १० फेब्रुवारी व १० ऑगस्ट ह्या त्याच्या राष्ट्रीय तारखा. अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी. एक ते दोन वर्षांच्या बालकास अर्धी, चुरून, पाण्यातून. दोन ते तीन वर्षांच्या बालकास पूर्ण, पण चुरून, पाण्यातून. त्यापुढच्यांस पूर्ण, चावून. त्या दिवशी ज्यास गोळी दिली त्याच्या नावापुढे हजेरीपटात एक खूण, आणि राहिलेल्यांस नंतरच्या फेरीत दिली तर दोन खुणा. ह्या दोन खुणांवरून कोणाला केव्हा मिळाली, कोणाला मुळीच मिळाली नाही, आणि कोणाला पुन्हा द्यावयाची नाही, हे परका माणूसही सांगू शकतो. घरी नेण्यास गोळी देऊ नये ही सूचनाही त्याच हेतूने आहे, कारण घरी गेलेल्या गोळीची खूण कोण करणार?

आता जपणुकीकडे वळतो. येथे समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. पावसाळ्यात आपल्याकडे भिंतींना घाम फुटतो, खडू मऊ पडतात, हजेरीपटाच्या पानांना बुरशी धरते. तेथे औषधाची काय कथा! गोळ्या पाकिटातून काढून बाटलीत भरण्याची काहींना सवय असते. ती मोडावी. पाकिटातील गोळी हवेपासून सुरक्षित असते आणि पाकिटावरच नाव, मुदत व बॅच क्रमांक असतात. पातळ औषधाच्या बाटलीला मुंग्या लागतात, म्हणून टोपण पुसून घट्ट लावावे. पूड स्वरूपातील प्रतिजैविकात उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत घातल्यानंतर ते थोडेच दिवस टिकते, बहुधा सात. लेबलावर जी मुदत असेल ती पाळावी, आणि पाणी घातल्याची तारीख बाटलीवर लिहावी. शीतकपाटात ठेवा असे लेबलावर असेल आणि शाळेत शीतकपाट नसेल, तर ते औषध घरीच ठेवून वेळा डॉक्टरांकडून बदलून घेता येतात का हे पालकांनी विचारावे. क्षारसंजीवनीचे एक लिटरचे पाकीट एक लिटर पाण्यातच पूर्ण घालावे आणि कालवल्याची वेळ चिठ्ठीवर लिहून भांड्यावर लावावी. चोवीस तासांनंतर उरलेले ओतून द्यावे.

जागा कोठे असावी? खिचडी शिजते त्या खोलीत नव्हे. कौलांच्या गळतीखाली नव्हे, खिडकीच्या उन्हात नव्हे. भिंतीतले फडताळ असल्यास उत्तम, नसल्यास कडीकुलपाचा डबा मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर टांगावा. त्याखाली बाक ठेवू नये. हे सांगण्याचे कारण असे की मी पाहिलेल्या पुष्कळ ठिकाणी डबा उंच होता आणि त्याच्या बरोबर खाली बाक होता! एका गोष्टीत मात्र कुलूप नको. दम्याच्या मुलाचा पंप हा कुलपात गुदमरून चालत नाही. तो उंचावर, परंतु उघड्यावर, आणि सर्वांस ठाऊक अशा जागी असावा.

लोहाच्या गोळ्यांविषयी मी अधिक बोलणार आहे, कारण ह्या बाबतीत आपण सर्व बेसावध आहोत. पाच ते दहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदा द्यावयाची गोळी गुलाबी असते. तीत ४५ मिलिग्रॅम लोह असते. जेवणानंतर एक गोळी मुलाला हितकर आहे, ती अवश्य द्यावी. परंतु ती गुलाबी आहे, गुळगुळीत आहे आणि लहान मुलाला ती लिमलेटच्या गोळीसारखी दिसते. लोह पोटात दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅमहून अधिक गेले की त्रास सुरू होतो. ६० मिलिग्रॅमच्या वर गेले तर जीवावर बेतते. अंगणवाडीतील १२ किलोचे मूल घ्या. सहा गोळ्यांत ते आजारी पडेल. सोळा गोळ्यांत ७२० मिलिग्रॅम लोह होते. सोळा गोळ्या म्हणजे गुरुजींच्या मेजावर विसरलेली पाकिटे. शिवाय हे विष फसवे आहे. आरंभी उलट्या होतात, मग काही तास मूल बरे दिसते, खेळूही लागते, आणि नंतर ते खालावते. म्हणून 'आता बरा आहे' ह्या समाधानावर थांबू नये. त्याच क्षणी उरलेल्या गोळ्या मोजाव्यात, वहीतील शिल्लक पाहावी, किती कमी आहेत तो आकडा लिहावा आणि रिकामे पाकीट घेऊन मुलासह दवाखाना गाठावा. शिल्लक लिहिलेली नसेल तर किती गेल्या हे डॉक्टरांना कोण सांगणार?

लेबल वाचण्याविषयी एक घटना आपल्याच राज्यातील आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात पोलिओ लसीकरणाच्या वेळी पाच वर्षांखालील १२ बालकांना लसीच्या थेंबांऐवजी हात स्वच्छ करण्याच्या द्रवाचे थेंब पाजले गेले. मुलांना उलट्या झाल्या, त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. सुदैवाने ती बरी झाली. तेथे काम करणारी माणसे दुष्ट नव्हती, अडाणीही नव्हती. बाटलीवरचे नाव वाचले गेले नाही, एवढे मात्र खरे. आपल्या मेजांवरही करोनाच्या काळापासून सॅनिटायझर आहे, फिनेल आहे, फळा पुसण्याचे पाणी आहे. तोंडात जाणारी वस्तू आणि तोंडात न जाणारी वस्तू एका मेजावर असता कामा नये. औषध हातात घेताना एकदा, माप भरताना एकदा आणि परत ठेवताना एकदा, असे नाव तीनदा वाचावे. मदतनीस जवळ असल्यास मोठ्याने वाचावे.

आणि बॅच क्रमांक. पुष्कळांना हा रकाना निरर्थक वाटतो. मलाही पूर्वी वाटे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. ही गोष्ट इतिहासजमा झाली असे आपण समजत होतो. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या एका पातळ औषधात तेच विष सापडले. मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली. वीसांहून अधिक बालके गेली. कित्येकांना उपचारासाठी आपल्या नागपुरास आणले होते. त्या वेळी महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने जो इशारा दिला, तो बॅच क्रमांकावरून दिला: एसआर-१३. ज्या घरी खोके फेकून दिलेले होते, त्या घरी आपली बाटली ह्या बॅचची आहे की नाही हे कसे कळावे? आपल्या वहीत तो क्रमांक असता तर पाच मिनिटांत उत्तर मिळाले असते. दोन वर्षांखालील मुलांना खोकल्याची औषधे देऊच नयेत, पाच वर्षांखालील मुलांना ती सामान्यतः नकोत, अशी सूचनाही केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने तेव्हा काढली. ती शाळेच्या भिंतीवर लावण्यासारखी आहे.

तुमच्या मनात काय चालले आहे ते मला दिसते. आणखी एक नोंदवही! ऑनलाइन माहिती, पोषण आहाराची माहिती, आधारची माहिती, आणि आता औषधांची. तुमची तक्रार खरी आहे, आणि मी ती खोडून काढणार नाही. ज्या वह्या कोणी वाचीत नाही अशा वह्या आपल्या शाळांत पुष्कळ आहेत. त्यांपैकी काही मीच तपासतो. पण ही वही वरिष्ठांसाठी नाही. मी भेटीस आलो तर तीवर शेरा मारणार नाही, तिची माहिती तक्त्यात मागविणार नाही. ती उद्या तुमच्या जागी बसणाऱ्या माणसासाठी आहे, आणि रात्री-अपरात्री प्रश्न विचारणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे. बहुतेक दिवशी तीत एकही ओळ लिहावी लागणार नाही.

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी फडताळ उघडून मुदती पाहाव्यात. मुदत संपलेली व उरलेली सरकारी औषधे आरोग्यसेविकेकडे परत द्यावीत आणि वहीत तिची सही घ्यावी. घरची औषधे आईकडे परत जावीत. ती परसात ओतू नयेत, विहिरीजवळ तर नाहीच.

शेवटी बदल्यांविषयी. कार्यभार देताना आपण जी यादी करतो, तीत टेबले, खुर्च्या, नकाशे, घंटा ही सर्व असतात. त्या यादीत ह्यापुढे दोन ओळी वाढवाव्यात: औषधांची वही आणि फडताळाची किल्ली. रजेवर जातानाही, एका दिवसाच्या का होईना, वही सहकाऱ्यांच्या हातात द्यावी, आणि नियमित औषध चालू असलेल्या मुलाला त्यांच्यासमोर उभे करून त्याचे नाव सांगावे. एवढ्यास पाच मिनिटे लागतात. त्या वर्षी प्रशिक्षणास निघताना माझ्यापाशी एस.टी. सुटावयास अर्धा तास होता.